सगळ्यांना खाता येईल असं लेबकुखनचं घर : आमच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज इथे जर्मनीत, बायर्नमध्ये, ऑल सेंट्सची सुट्टी, दुकानं बंद, बाहेर धुकं, म्हणून दुपारी मुलांना घेऊन बाल्कनीतला दिवाळीचा किल्ला आवरायला बसले. माती कुंड्यांत परत, मावळे डब्यात. आवरता आवरता लेक म्हणाली, "आई, आता ख्रिसमसचं घर कधी करायचं?" आणि जरा थांबून स्वतःच म्हणाली, "खायचं नाही, नुसतं करायचं."

ते ऐकून पोटात तुटलं. गेल्या डिसेंबरात एका कार्यक्रमात सगळी पोरं लेबकुखनची, म्हणजे इकडच्या ख्रिसमसच्या मसालेदार बिस्किटांची, घरं सजवत होती, बोटं चाटत होती, आणि हिला बाजूच्या टेबलावर पिशवीत बांधलेली तांदळाची चकती आणि थोडं आयसिंग. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, काळजीपोटीच केलं होतं त्यांनी. पण सहा वर्षांच्या पोरीला बाजूचं टेबल म्हणजे बाजूचं टेबलच.

तिला सीलिअ‍ॅक आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये कळलं, आधी रक्ताची टीटीजी टेस्ट, मग एंडोस्कोपी. गहू, राय, जव यातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आतली बारीक लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, पथ्य हेच औषध, तेही जन्मभर आणि कणाकणाचं.

तर ठरवलं. यंदा घरं आमच्याकडे. तिच्या पाच मैत्रिणी-मित्र, ती आणि धाकटा, एकूण सात मुलं, सात घरं, आणि सातही एकाच पिठाची. तिचं वेगळं काहीही नाही. तारीख १३ डिसेंबर. हातात सहा आठवडे आहेत म्हणून लिहून ठेवतेय, दुसऱ्या कुणाच्या घरी असं लेकरू असेल तर उपयोगी पडेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

पिठाआधी स्वयंपाकघर. माझं लाकडी पोळपाट-लाटणं लग्नात आईने दिलेलं, बारा वर्षं त्यावर पोळ्या लाटल्यात. लाकडाच्या बारीक चिरांमध्ये कणीक बसते, घासून निघत नाही, त्यामुळे निदान झाल्यापासून ते सुती कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात आहे. आज काढून बघितलं. कडेला बोटांनी झिजलेला खळगा आहे तो तसाच. परत गुंडाळून ठेवलं आणि नवीन स्टीलचं लाटणं घेतलं, सिलिकॉनची शीट, नवीन चाळणी (चाळणी तर जुनी वापरूच नये, जाळीत पीठ अडकलेलं असतं), आयसिंगच्या पिशव्या.

गव्हाचं पीठ घरात आता येत नाही. पहिले काही महिने नवरा त्याच्यापुरती पोळी करायचा पण पिठाची धूळ हवेत उडते आणि कुठे कुठे जाऊन बसते, मग त्याने आपणहून बंद केलं.

आणि हिंग! नव्याने निदान झालेल्या प्रत्येक मराठी घराला हे सांगावंसं वाटतं. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीवर लिहिलेलंही असतं, फक्त आपण हिंगाची डबी कधी वाचत नाही. आम्ही पोळी बंद करून तीन महिने रोज वरणात चिमूटभर गहू घालत होतो. आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बघून आणतो.

९ नोव्हेंबर, रविवार. ट्रायल १

ग्लूटेन-फ्री तयार पीठ (मक्याचा स्टार्च आणि तांदूळ), मध, लोणी, ब्राउन शुगर, अंडं, बेकिंग पावडर. बेकिंग पावडरसुद्धा बघून घ्यावी लागते, काहींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो.

निकाल वाईट. लाटताना कडा फाटत होत्या, भिंत उचलली की मधोमध दोन तुकडे. ओव्हनमध्ये पसरून चौकोनाची झाली उशी. घर उभं राहिलं नाही.

शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे घराच्या भिंतीला फुगायचं नाहीये, मग बेकिंग पावडर हवी कशाला? दुसरं, ग्लूटेनने पाव जाळीदार होतो, पोळी ताणली जाते, पण भिंतीला ताण नको, कडकपणा हवा. उलट ग्लूटेनवालं पीठ लाटल्यावर मागे आकसतं, आपलं आकसणार नाही. म्हणजे या एका पदार्थात ग्लूटेन नसणं फायद्याचंच आहे, फक्त लाटून ताटात जाईपर्यंत पीठ धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सेंट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक. पोरं हातात कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत जातात, धाकट्याने आपला दिवाळीचा आकाशकंदीलच न्यायचा हट्ट धरला आणि नेला.

घरी आल्यावर ग्रिम बंधूंची ती जंगलात हरवलेल्या भावा-बहिणीची गोष्ट वाचली. त्यांनी १८१२ मध्ये छापली तेव्हा चेटकिणीचं घर पावाचं होतं, वर केकचं छप्पर आणि खिडक्या साखरेच्या. लेक लगेच म्हणाली, "म्हणजे मला खिडक्याच चालल्या असत्या." आणि झोपली. मी बराच वेळ जागी होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईशी व्हिडिओवर बोलले. तिला फाटलेल्या भिंतीचा फोटो दाखवला तर म्हणाली, "अगं, तांदळाच्या पिठाची भाकरी तू गार पाण्यात मळतेस का?"

उकड! उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ पडलं की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो, म्हणून मोदकाची पारी इतकी पातळ होते तरी फाटत नाही. आणि त्या पारीत ग्लूटेनचा कणही नसतो. शेकडो वर्षं आपल्या बायका हे करतायत आणि मी इथे पीठ चिकटून राहावं म्हणून घालतात त्या झॅन्थन गमच्या किमती बघत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार. ट्रायल २

काकवी, गूळ, लोणी आणि थोडं पाणी एकत्र उकळलं आणि त्यातच तांदळाचं पीठ घातलं. काकवी आणि गूळ कोल्हापूरकडचा, आईने उन्हाळ्यात गुऱ्हाळवाल्याकडून आणून दिलेला, इकडे मध किंवा बीटाचं घट्ट सिरप घालतात त्या जागी काकवी फार सुंदर लागते, जरा खारट-कडवट आणि खोल.

वास अप्रतिम, पीठ मात्र वाळूसारखं. उकड झालीच नाही. परत आईला फोन. तिने एकच विचारलं, "मोदकाच्या उकडीत गूळ घालतेस का? गूळ सारणात." बरोबर आहे, साखर पाणी धरून ठेवते, स्टार्चला मिळूच देत नाही, म्हणून तो फुगत नाही. आधी साध्या पाण्यात उकड, गोड नंतर.

१६ नोव्हेंबर, रविवार. ट्रायल ३

जमलं!! प्रमाण नीट लिहून ठेवते.

१८० मिली पाणी, चिमूट मीठ आणि चमचाभर लोणी उकळायला ठेवायचं, उकळी फुटली की गॅस बंद करून १५० ग्रॅम तांदळाचं पीठ एकदम घालायचं, उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण, दहा मिनिटं. कोमट झाली की हाताला तूप लावून मळायची, गुठळी राहता कामा नये. मग त्यात १५० ग्रॅम काकवी, १०० ग्रॅम किसलेला गूळ, ८० ग्रॅम लोणी, आणि २०० ग्रॅम बकव्हीटचं पीठ, १०० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च, ८ ग्रॅम इसबगोल मिक्सरमधून काढून. इसबगोल इथल्या ग्लूटेन-फ्री बेकिंगमध्ये सगळेच वापरतात, घरात पोट साफ व्हायला ठेवलेला डबा असा कामाला आला. पीठ आधी सैल वाटतं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की घट्ट होतं.

बकव्हीट म्हणजे कुट्टू, नावात व्हीट असलं तरी गव्हाशी नातं नाही. त्याने रंग छान तपकिरी येतो. ज्वारीचं करायचं मनात होतं पण इंडियन स्टोअरच्या पाकिटावर "गव्हाचा अंश असू शकतो" लिहिलेलं, एकाच गिरणीत दळतात ना. ज्वारीत ग्लूटेन नाही पण गिरणीत आहे, हा फरक नातेवाईकांना समजावताना फार वेळ जातो. इकडे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, युरोपभर तोच नियम, म्हणून रेघ मारून खोडलेल्या कणसाची खूण असलेलंच घेते.

मसाला मुलांनी खलबत्त्यात कुटला. दालचिनी सगळ्यात जास्त, मग सुंठ, लवंग, वेलची, जायफळ, धणे, थोडी बडीशेप. इकडे लेबकुखनचा तयार मसाला मिळतो आणि त्यात साधारण हेच असतं, पण लेकीने लवंग कुटताना जे डोळे मिटून वास घेतला तो पाकिटातून आला नसता. एकूण १५ ग्रॅम.

लाटायचं बेकिंग पेपरवरच, जाडी ५ मिमी, दोन्ही बाजूला दोन पेन्सिली ठेवून. कापायचंही तिथेच आणि भिंत उचलायची नाही, आजूबाजूचं जास्तीचं पीठ उचलायचं, म्हणजे आकार बिघडत नाही. १६० डिग्रीला २५ मिनिटं, बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच कडा परत सरळ कापायच्या, मग १३० वर अजून २० मिनिटं वाळवायचं. टोस्टसारखा खणखणीत आवाज आला पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार

नवऱ्याने पुठ्ठ्याचे साचे केले. त्रिकोणी टोकाची भिंत १० सेंमी रुंद, बाजूला ७ उंच, टोकापर्यंत १३. बाजूच्या भिंती १० बाय ७. छपराचे तुकडे १२ बाय साडेनऊ, म्हणजे चहूबाजूंनी थोडं बाहेर येतं, पोरांना बर्फ लोंबवायला जागा. आधी पुठ्ठ्याचं घर चिकटपट्टीने उभं करून बघितलं, हे फार महत्त्वाचं आहे, चूक पुठ्ठ्यात सापडलेली बरी.

खिडक्यांसाठी खडीसाखर भोकात ठेवून बघितली, १६० ला ती वितळतच नाही, होती तशी बसून राहिली. पारदर्शक लिमलेटच्या गोळ्या कुटून शेवटची पाच मिनिटं ठेवल्या तर मस्त काच झाली. लाल आणि पिवळी. लेक ती काच डोळ्याला लावून अख्ख्या घरात फिरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एर्लांगेनहून ट्रेनने न्युर्नबर्गला. तिथला ख्रिसमसचा बाजार, ख्रिस्तकिंडलेसमार्क्ट, कालच सुरू झाला, हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छपरांची रांग, वाफाळते कप, आणि सगळीकडे तोच आपल्या खलबत्त्यातला वास.

या गावात लेबकुखन करणाऱ्याची नोंद १३९५ सालापासून सापडते. आजूबाजूच्या राईश्सवाल्ड जंगलात मधमाश्या पाळायचे त्यामुळे मध भरपूर, आणि मसाले व्हेनिसमार्गे यायचे. यातली वेलची, सुंठ मुळात आपल्याकडच्या किनाऱ्यावरून निघायची हे मुलांना सांगितलं तर धाकटा म्हणाला, मग आजीनेच पाठवले असतील.

एलिझेन लेबकुखन म्हणून जो सगळ्यात भारी प्रकार आहे त्यात बदाम, हेझलनट, अक्रोड मिळून कमीत कमी २५ टक्के आणि पीठ १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही असा नियम आहे. काहींमध्ये तर पीठ नसतंच. पण खाली जी पांढरी पातळ चकती असते, ओब्लाटं, ती सहसा गव्हाची. लेकीने पाटी वाचली, चकती बघितली आणि काही न बोलता पुढे गेली. सात वर्षांची पोर अ‍ॅलर्जीची यादी वाचायला शिकलीये, मला त्याचा अभिमान वाटतो आणि रडूही येतं. पुढच्या एका दुकानात बटाट्याच्या स्टार्चच्या चकतीवरचे, सीलबंद, खूण असलेले मिळाले. दोन घेतले. एक तिथेच थंडीत उभं राहून चौघांनी वाटून खाल्लं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सजावटीच्या खाऊची तपासणी, पूर्ण संध्याकाळ गेली. काळ्या लिकोरिसच्या दोऱ्यांमध्ये गव्हाचं पीठ असतं, बाद. चॉकलेटच्या काही रंगीत गोळ्यांमध्येही असतं, पाकीट वाचून दोन बाद. जिलेटिनची अस्वलं चालतात. ग्लुकोज सिरप गव्हापासून केलेलं असलं तरी प्रक्रियेत ग्लूटेन निघून जातं, ते चालतं, हे मला डाएटिशियनने समजावलं तोपर्यंत मी उगाच वर्षभर घाबरून होते.

आपल्याकडचं काय काय निघालं! आईने संक्रांतीला पाठवलेला काटेरी हलवा, तिने वेगळ्या कढईत केलेला, तो थेट बर्फ. कुरमुरे म्हणजे अंगणातले खडे. खडीसाखर खिडकीत नाही चालली पण छपराच्या कडेला बर्फाची सुई म्हणून शोभते. बदामाचे काप म्हणजे कौलं, एकावर एक अर्धं चढवत.

६ डिसेंबर, शनिवार

आज संत निकोलाउसचा दिवस, सकाळी बुटांत खाऊ सापडला म्हणून पोरं खूश, आणि दुपारी मोठा फटका. ट्रायलचं घर चार दिवसांपूर्वी उभं करून ओट्याच्या कडेला ठेवलं होतं. आज छप्पर मधोमध वाकून आत गेलं. भिंतीला हात लावला तर मऊ, दमट.

कारण समजायला वेळ लागला नाही, शेजारीच कुकर लावते मी रोज. शिवाय काकवी आणि गूळ दोघंही हवेतलं पाणी ओढतात, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं तसंच. म्हणून आता १५० ऐवजी ८० ग्रॅम काकवी, आणि गुळाच्या जागी साधी साखर १४० ग्रॅम. चवीला जरा कमी पण छप्पर महत्त्वाचं. काकवी कमी झाल्याने पीठ कोरडं वाटलं तर उकडीत दोन चमचे पाणी जास्त. भिंती भाजल्यावर ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून रात्रभर आतच राहू द्यायच्या.

१०, ११ डिसेंबर

रात्री मुलं झोपल्यावर बेकिंग, चार पट पीठ. सात घरांचे ४२ तुकडे आणि सहा जास्तीचे. तीन तडकले. पुरले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भिंती आम्ही दोघांनी आजच चिकटवून ठेवल्या, मुलांच्या हातात पडकं घर देण्यात अर्थ नाही, त्यांना सजवायचं असतं. आयसिंगला पाश्चराइज्ड अंड्याचा पांढरा, ३० ग्रॅमला २०० ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाचे थेंब. चिकटवायला चक्क्यासारखं घट्ट, बर्फाला श्रीखंडासारखं. भिंती आतून वाट्यांचा आधार देऊन दोन तास, मग छपराची एक बाजू, ती धरली की दुसरी. घाई केली की घसरतं.

१३ डिसेंबर, शनिवार

आले सगळे. दाराशीच हात धुवायला लावले, डबे-खाऊ कुणी आणायचा नाही हे पालकांना आधी लिहिलं होतं आणि एकाही आईबापाने कुरकूर केली नाही, उलट एकीने दोनदा फोन करून विचारलं, आमच्या पोराच्या स्वेटरला सकाळच्या पावाचे कण असतील तर बदलून आणू का.

टेबलावर सात घरं ओळीने. तिच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "हिचं कुठलं?" ती म्हणाली, "कुठलंही." आणि मग तिने मधलं घेतलं.

पुढचे दोन तास काय झालं ते नीट सांगता येणार नाही, सगळीकडे साखर होती. धाकट्याने एकाच भिंतीवर अकरा अस्वलं चिकटवली. एका मुलीने बदामाची कौलं इतक्या निगुतीने लावली की बाकीचे थांबून बघत राहिले. कुरमुऱ्यांना इकडची पोरं "फुगलेला भात" म्हणत मुठीने खात होती, शेवटी दुसरं पाकीट फोडलं. आणि लेकीने आपल्या घराला चारी कोपऱ्यांवर उरलेल्या तुकड्यांचे बुरूज केले, दाराशी हलव्याची वाट, मग आत जाऊन मावळ्यांचा डबा घेऊन आली. पहारेकरी दोन, वर कागदाचा भगवा झेंडा. सगळ्यांनी विचारलं हे कोण, तर ती जर्मनमध्ये भराभर सांगत सुटली, दिवाळी, किल्ला, माती, महाराज, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते.

आयसिंगच्या पिशवीचं टोक एकाने तोंडात घातलं, मग दुसऱ्याने, मग तिने. गेल्या वर्षी ती फक्त बघत होती. आज तिची जीभ निळी झाली होती.

आईला फोटो पाठवला. तिने फक्त लिहिलं, "उकड चांगली झाली हो."

६ जानेवारी २०२६, मंगळवार

आज तीन राजांचा सण, सुट्टी, ख्रिसमस आवरायचा दिवस, म्हणून घरं फोडली. झेंडा आणि मावळे आधी काढून घेतले. लेकीने लाटण्याने एकच घाव घातला, छप्पर खळ्ळकन फुटलं, म्हणजे शेवटपर्यंत कडक राहिलं. तीन आठवड्यांत भिंती दगड झाल्या होत्या, दुधात बुडवून खाल्ल्या, बुरूज तिने कुणाला दिला नाही.

पुढच्या वेळेसाठी : इसबगोल ६ ग्रॅम पुरे, ८ ने लाटताना पीठ जरा रबरासारखं होतं. सुंठ थोडी वाढवायची. साचे मावळ्यांच्या डब्यात ठेवलेत. एका मैत्रिणीच्या आईने उकडीचं प्रमाण मागितलंय, तिला जर्मनमध्ये लिहून द्यायचंय, पण उकडीला जर्मनमध्ये शब्द सापडेना, तेव्हा उकडच लिहिलं आणि कशी करायची ते दाखवायला तिला रविवारी घरी बोलावलंय.